छोटे अणुघड्याळ घेताना: किंमत कशाची मोजायची, अचूकता कशी तपासायची

सुमारे ४ सेंटिमीटर लांब, साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि ३५ ग्रॅम वजनाचे सीझियम अणुघड्याळ २०११ च्या जानेवारीपासून बाजारात आहे. सिमेट्रिकॉमने आणलेले एसए.४५एस हे ते मॉडेल. पुढे ते मायक्रोचिपच्या नावाने विकले जाऊ लागले. सुरुवातीला त्याचा दर दीड हजार डॉलरच्या आसपास होता, पुढे तो अनेक हजार डॉलरमध्ये गेला. एवढे पैसे मोजून अचूकतेत सर्वांना मागे टाकणारी वस्तू मिळेल असे वाटते, पण तसे नाही. प्रयोगशाळेच्या टेबलावर जुन्या मोबाइल टॉवरमधून निघालेले रुबिडियम घड्याळ बहुतेक बाबतींत त्याच्यापेक्षा सरस ठरते. एका सेकंदाच्या मापात तर चांगला ओव्हनमधला क्रिस्टल, म्हणजे ओसीएक्सओ, दोघांनाही मागे टाकतो. चिप-अणुघड्याळाचे पैसे विजेच्या काटकसरीसाठी असतात. ते १२० मिलिवॅटपेक्षा कमी वीज घेते, रुबिडियमचा जुना डबा १० ते १३ वॅट. ही काटकसर तुमच्या कामात उपयोगी पडत नसेल, तर हा खर्च वाया जातो.

आधी हिशेबाचे एकक ठरवा

डेटाशीटवर आकडे दहाच्या उणे घातात असतात आणि तिथेच गल्लत होते. इथे 'भाग' म्हणजे लाख कोटीतला एक भाग, डेटाशीटच्या भाषेत दहाचा उणे बारावा घात. घड्याळ एक भाग पुढे असेल तर ते दर सेकंदाला एक पिकोसेकंद, म्हणजे दिवसाला ८६.४ नॅनोसेकंद पुढे जाते. दहा भाग म्हणजे दिवसाला ०.८६ मायक्रोसेकंद. पुढचे सगळे याच गुणाकारावर चालते.

चूक तीन ठिकाणांहून येते. पहिली, सुरुवातीला फ्रिक्वेन्सी जितकी चुकीची लावली तितकी. ती वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते. दुसरी, वय: फ्रिक्वेन्सी स्वतःच हळूहळू सरकते आणि त्यामुळे वेळेतली चूक काळाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तिसरी, तापमान. विक्रेत्याच्या पत्रकात पहिला आकडा ठळक असतो, पण प्रत्यक्षात त्रास देतात ते दुसरा आणि तिसरा.

एसए.४५एसचे उदाहरण घ्या. वयामुळे सरकण्याची हमी महिन्याला ९०० भागांच्या आत, म्हणजे रोजचे ३० भाग. आज अगदी बिनचूक लावले तर उद्या याच वेळेला चूक होईल ३० चा अर्धा, गुणिले ८६.४, म्हणजे १.३ मायक्रोसेकंद. तीस दिवसांनी तीच चूक १.२ मिलिसेकंद आणि वर्षभरात १७० मिलिसेकंदांपर्यंत. हा हमीपत्रातला सर्वांत वाईट प्रसंग आहे. प्रत्यक्ष नग पहिल्या काही महिन्यांनंतर बरेच शांत होतात. पण प्रकल्पाचा आराखडा हमीच्या आकड्यावरच करावा.

महिन्याला ५० भाग सरकणाऱ्या रुबिडियमची तीस दिवसांची चूक याच सूत्राने ६५ मायक्रोसेकंद येते. रोज ५०० भाग सरकणारा साधारण ओसीएक्सओ एका दिवसात २२ मायक्रोसेकंद आणि महिन्यात १९ मिलिसेकंद चुकतो. अर्धा पीपीएमचा (दशलक्षात अर्धा), म्हणजे तब्बल पाच लाख भागांचा, टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा साधा क्रिस्टल) दिवसाला ४३ मिलिसेकंद.

लहान झाले की काय जाते

जुन्या रुबिडियम घड्याळात रुबिडियमचा दिवा, काचेची बाष्पकोठी आणि तिच्याभोवती मायक्रोवेव्ह पोकळी असते. रुबिडियम-८७ ची रेषा, म्हणजे अणू ज्या फ्रिक्वेन्सीला दाद देतो ती, ६.८३४ गिगाहर्ट्झवर आहे, त्यामुळे पोकळी काही सेंटिमीटरच्या खाली नेणे अवघड. अमेरिकेत डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेच्या निधीवर हे काम सुरू झाले आणि २००४ मध्ये एनआयएसटी या मानक संस्थेने तांदळाच्या दाण्याएवढा गाभा करून दाखवला. दिव्याच्या जागी आला चिपवरचा छोटा लेसर. सीझियमच्या ९.१९२६ गिगाहर्ट्झच्या निम्म्या, म्हणजे ४.५९६ गिगाहर्ट्झने लेसरचाच प्रवाह हलवला की त्याच्या प्रकाशाच्या दोन बाजूपट्ट्या मिळून अणूंना एका खास अवस्थेत अडकवतात. मग पोकळीची गरज उरत नाही. कोठी निर्वातात पातळ पट्ट्यांवर टांगलेली असते, म्हणून तिला गरम ठेवायला मिलिवॅटमधली ऊर्जा पुरते.

मात्र कोठी मिलिमीटरभर झाली की अणू भिंतीवर वारंवार आदळतात आणि प्रत्येक धडकेत त्यांची स्थिती पुसली जाते. ते टाळायला कोठीत बफर वायू जास्त दाबाने भरावा लागतो, त्यामुळे रेषा रुंद होते. रुंद रेषेचा मधला बिंदू नेमका धरता येत नाही. म्हणूनच एसए.४५एसची एका सेकंदाची अस्थिरता ३०० भाग, १०० सेकंदांना ३० आणि १००० सेकंदांना १० भाग अशी उतरते. पूर्ण आकाराच्या रुबिडियमची हमी, उदाहरणार्थ पीआरएस१० ची, एका सेकंदाला २० भाग आणि १०० सेकंदांना २ भाग अशी आहे. चांगला ओसीएक्सओ एका सेकंदाला एक-दोन भागांवर बसतो.

मधली पायरीही आहे. साफ्रानचे एमआरओ-५० अर्ध्या वॅटच्या आत चालते आणि एका सेकंदाला ४० भाग देते. मायक्रोचिपचे एसए५एक्स मालिकेतले रुबिडियम ६ वॅटच्या आसपास घेते, ५ सेंटिमीटर चौरस आहे आणि एका सेकंदाला ३० भागांची हमी देते. काही वॅट परवडत असतील तर ही दोन्ही सीझियम चिपपेक्षा शहाणपणाची खरेदी आहे, असे आमचे स्पष्ट मत.

वीज हाच खरा दर

घरात किंवा प्रयोगशाळेत १२ वॅट म्हणजे वर्षाला १०५ युनिट. दहा रुपये युनिट धरले तर हजार-अकराशे रुपये. या बचतीसाठी हजारो डॉलर मोजायचे कारण नाही.

समुद्रतळाशी ठेवलेल्या भूकंपमापकाचा हिशेब वेगळा. तिथे जीपीएस पोहोचत नाही, केबल नसते आणि उपकरण महिनोन्‌महिने एकटे पडून असते. ३.६ व्होल्ट, १९ अँपिअर-तासाचा डी आकाराचा लिथियम सेल कागदावर ६८ वॅट-तास देतो. १२० मिलिवॅटवर वर्षाला १.०५ किलोवॅट-तास लागतात, म्हणजे १६ सेल. थंडी आणि गळती धरून २० घ्या. अर्ध्या वॅटच्या आतल्या एमआरओ-५० ला ६० च्या आसपास, एका वॅटच्या ओसीएक्सओला १३०, आणि १२ वॅटच्या रुबिडियमला दीड हजारांवर. दाब सहन करणाऱ्या गोळ्यात एवढे सेल मावतच नाहीत. तेलशोधातील समुद्रतळाच्या नोडमध्ये चिप-अणुघड्याळ घुसले ते याच हिशेबाने.

५जीच्या टॉवरचे उलटे. तिथे वीज आहे, पण वेळ जागतिक वेळेपासून ±१.५ मायक्रोसेकंदांत ठेवावी लागते. जीपीएस दिवसभर गेले तर सीझियम चिपचे एकटे वयच १.३ मायक्रोसेकंद खाते. त्यात उन्हाने डब्याचे तापमान हलून फ्रिक्वेन्सी १०० भागांनी सरकली तर दिवसाला आणखी ८.६ मायक्रोसेकंद. तिथे मोठे रुबिडियमच लागते. घरच्या एनटीपी सर्व्हरला (नेटवर्कवर वेळ पुरवणाऱ्या संगणकाला) तर यातले काहीच नको: मिलिसेकंदांच्या कामाला जीपीएस मोड्यूल आणि साधा टीसीएक्सओ पुरतो.

जुने रुबिडियम निवडताना

हॅम रेडिओ, काउंटर, स्पेक्ट्रम अॅनालायझर यांना १० मेगाहर्ट्झचा घरचा संदर्भ हवा असेल तर टॉवरमधून काढलेला नग घ्या. दोन नावे सतत दिसतील: एफई-५६८०ए आणि एलपीआरओ-१०१. पहिला साधारण २०१२ च्या सुमारास ४० डॉलरला मिळे. आता दोन्हींना त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. परदेशातून मागवताना सीमाशुल्क, आयजीएसटी आणि कुरिअरची हाताळणी धरूनच तुलना करा.

एफई-५६८०ए च्या आवृत्त्या डझनभर आहेत. बाहेरून डबा तोच, पण काहींना फक्त १५ व्होल्ट चालतात, काहींना सोबत ५ व्होल्टही वेगळे लागतात. काहींत १० मेगाहर्ट्झ बाहेर येतच नाही, फक्त एक सेकंदाचा ठोका येतो. विक्रेत्याकडून लेबलचा फोटो आणि चालू अवस्थेतला आउटपुट मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्यांदाच करत असाल तर एलपीआरओ-१०१ घ्या. त्यात दिव्याचा व्होल्टेज आणि क्रिस्टलचा व्होल्टेज बाहेर पिनवर मिळतो, त्यामुळे घड्याळाची तब्येत साध्या मल्टिमीटरने कळते.

जोडणी

एलपीआरओला १९ ते ३२ व्होल्ट चालतात. २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग वीजपुरवठा) घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. थंड असताना घड्याळ १.७ अँपिअरपर्यंत ओढते, गरम झाल्यावर सुमारे अर्धा अँपिअर. धनाच्या तारेत ३ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि उलट जोडणीपासून वाचवायला एक शॉट्की डायोड घाला. तारा जाड ठेवा. बारीक लांब तारेत वॉर्मअपच्या वेळी व्होल्ट पडतात आणि घड्याळ लॉक होता होता, म्हणजे अणूंच्या रेषेवर स्थिरावता स्थिरावता, पुन्हा सुरुवातीला जाते. हा दोष लोक घड्याळाच्या माथी मारतात.

तळाची प्लेट म्हणजे उष्णता बाहेर जायची वाट. ती ५ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमवर किंवा पंखांच्या हीटसिंकवर पातळ थर्मल पेस्ट लावून चारही स्क्रूंनी घट्ट बसवा. हीटसिंकशिवाय दहा मिनिटांहून जास्त चालवू नका. प्लेट ४० ते ५० अंशांत स्थिर राहिली तर उत्तम. पंखा लावायचा तर तो सतत एकाच मंद वेगाने फिरवा. थर्मोस्टॅटने चालू-बंद होणारा पंखा प्रत्येक वेळी फ्रिक्वेन्सी हलवतो. जुन्या रुबिडियममध्ये एका अंशाला दोन-तीन भागांचा फरक पडू शकतो. खोलीत दिवस-रात्रीचा ८ अंशांचा फरक असेल तर २० भागांची लाट आलीच.

एसएमपीएस आणि ट्रान्सफॉर्मर निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवा. घड्याळ फ्रिक्वेन्सी लावते तेच मुळी कोठीभोवतीच्या मंद चुंबकीय क्षेत्राने. आत कवच असले तरी शेजारचे लोखंड आणि चुंबक थोडेफार पोहोचतात. स्पीकर त्याच फळीवर नको.

पहिली चालू-चाचणी

वीज दिल्यावर क्रिस्टलच्या पिनवर मीटर लावा. लॉक होण्याआधी हा व्होल्टेज सावकाश वरखाली झाडत असतो, कारण आतले सर्किट अणूंची रेषा शोधत असते. पाच-सात मिनिटांत झाडणे थांबते, व्होल्टेज एका जागी बसतो आणि लॉकची पिन खाली येते. पंधरा मिनिटांनीही झाडणे चालूच असेल तर पुरवठा मोजा, मग दिव्याचा व्होल्टेज बघा. तो ६ ते ९ व्होल्ट असेल तर दिवा चांगला आहे. ३ व्होल्टकडे आला असेल तर दिवा संपत आलाय. व्होल्टेज ठीक असून नग लॉक होत नसेल, आणि क्रिस्टलचा व्होल्टेज झाडताना एका टोकाला टेकत असेल, तर आतला क्रिस्टल वयाने पट्ट्याबाहेर गेला आहे; तो ट्रिमरने मधे आणता येतो, पण झाकण उघडावे लागते.

पहिल्या लॉकला लगेच मापायला बसू नका. निदान २४ तास चालू द्या. वर्षानुवर्षे गोदामात पडलेल्या नगाला दोन-तीन आठवडे लागतात. आणि रोज रात्री बंद करू नका: प्रत्येक बंद-चालूनंतर काही दशक भागांची उडी बसू शकते.

मापन

घड्याळ तपासायला दुसरे चांगले घड्याळ लागते, आणि ते आकाशात आहे. लागणाऱ्या वस्तू: टायमिंगसाठीचा जीपीएस रिसीव्हर (यू-ब्लॉक्सचे एम८टी चालेल), बाहेर लावायचा अँटेना, आणि टीएपीआर या हौशी रेडिओ संस्थेचा टीआयसीसी हा वेळ मोजणारा बोर्ड. हा बोर्ड ६० पिकोसेकंदांपर्यंतचा फरक ओळखतो. तुमच्या रुबिडियमचे १० मेगाहर्ट्झ बोर्डाच्या संदर्भ-प्रवेशाला द्या आणि जीपीएसचा सेकंदाचा ठोका पहिल्या चॅनलला. म्हणजे रुबिडियमच्या घड्याळाने जीपीएसच्या ठोक्यांची वेळ नोंदली जाते. १० मेगाहर्ट्झवरून सेकंदाचा ठोका काढणारा वेगळा डिव्हायडर लागत नाही.

अँटेना उघड्या आकाशाखाली, गच्चीच्या कठड्याच्या वर हवा. पावसाळ्याआधी जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा. केबलमध्ये पाणी शिरले की सिग्नल हळूहळू पडतो आणि दोष कळायला वेळ लागतो. रिसीव्हरला आधी स्वतःची जागा काही तास मोजू द्या आणि मग स्थिर-स्थान मोडमध्ये टाका. हे विसरले तर ठोक्यातला गोंधळ कित्येक पट वाढतो. केबलचा उशीर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद. फ्रिक्वेन्सी मोजताना त्याचा काही संबंध नाही.

आता नोंदीचा उतार बघा. नोंदीतला सेकंदांचा अपूर्णांक वाढत असेल तर तुमचे घड्याळ पुढे धावते. दिवसात ८.६४ मायक्रोसेकंद वाढला तर ते १०० भाग पुढे आहे. ठोक्यात २०-३० नॅनोसेकंदांची थरथर असते, म्हणून तासाभराच्या नोंदीत ८ भागांपर्यंत अनिश्चितता राहते, पूर्ण दिवसाच्या नोंदीत अर्ध्या भागाच्या आत. नोंद नेहमी पूर्ण २४ तासांच्या पटीत घ्या. एका फ्रिक्वेन्सीच्या रिसीव्हरला आयनोस्फिअरचा उशीर नीट काढता येत नाही आणि भारतावर तो मोठा असतो: दुपारी चढतो, पहाटे उतरतो, फरक दहा मीटर म्हणजे ३० नॅनोसेकंद सहज. सकाळी आठ ते दुपारी दोन अशी नोंद घेतली तर उतारात खोटा भाग-दीड भाग मिसळतो.

फ्रिक्वेन्सी लावणे

एलपीआरओत बाजूच्या छिद्रातून ट्रिमर फिरवता येतो किंवा बाहेरून ० ते ५ व्होल्ट देता येतात. दुसरा मार्ग चांगला. पूर्ण पट्टा साधारण ३००० भागांचा, म्हणजे सरासरी एका व्होल्टला ६०० भाग. हे प्रमाण सगळीकडे सारखे नसते, कारण फ्रिक्वेन्सी चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे सरकते. आधी अर्धा व्होल्ट हलवून, पुन्हा दिवसभर नोंद घेऊन तुमच्या नगाचे प्रमाण काढा, मग हवा तो व्होल्टेज लावा.

एका भागासाठी १.७ मिलिव्होल्टचा बदल लागतो. म्हणजे हा व्होल्टेज ७८०५ या साध्या रेग्युलेटरवरून घेतला आणि तो तापून ५० मिलिव्होल्ट सरकला, तर ३० भाग गेले. मग रुबिडियम घेऊन मिळवले काय? अचूक व्होल्टेज-रेफरन्स आयसी आणि दहा फेऱ्यांचा पॉट वापरा, आणि पॉट घड्याळाच्या हीटसिंकवर चिकटवू नका.

महिन्यातून एकदा हे केले तरी बहुतेक कामे भागतात. जीपीएसने सतत दुरुस्त करायचेच असेल तर दुरुस्तीचा काळ (टाइम कॉन्स्टंट) लांब ठेवा. जीपीएसची थरथर १० नॅनोसेकंद धरली तर ती घड्याळाच्या एका भागाच्या पातळीवर यायला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात. याहून घाईने दुरुस्ती केली तर रुबिडियमच्या चांगल्या स्थैर्यात जीपीएसचा गोंधळ कालवला जातो. ओसीएक्सओसाठी लिहिलेले तयार सॉफ्टवेअर काहीशे सेकंदांवर चालते. तेच तसेच रुबिडियमला लावणे ही सर्रास आढळणारी चूक.

चिप-अणुघड्याळच लागत असेल तर

पुरवठा ३.३ व्होल्ट, स्वच्छ रेग्युलेटरवरून. १० मेगाहर्ट्झचा आउटपुट सीमॉस, म्हणजे डिजिटल चिपच्या, पातळीचा आहे. ५० ओहमच्या केबलला थेट जोडू नका, मधे बफर घाला. लॉक व्हायला तीन मिनिटांच्या आत लागतात. सिरीअल पोर्टवरून तापमान, लेसरचा प्रवाह, हीटरची वीज आणि सिग्नलचा कॉन्ट्रास्ट वाचता येतो. नग हातात आल्या दिवशी हे चार आकडे लिहून ठेवा. त्याच तापमानाला हीटरची वीज महिन्यागणिक चढत गेली तर आतल्या निर्वातावर संशय घ्या; कॉन्ट्रास्ट उतरत गेला तर गाभा थकतो आहे. हमीच्या काळात ही नोंद असेल तर विक्रेत्याशी बोलणे सोपे जाते.

जीपीएसचा ठोका त्याला थेट देता येतो. टेबलावर पहिली दुरुस्ती लहान काळमर्यादेवर घ्या, मग ती हजारो सेकंदांवर न्या, दोन-तीन दिवस बसू द्या, आणि मिळालेली दुरुस्ती आतल्या स्मृतीत एकदाच कायम करा. ही लिहिण्याची क्रिया प्रोग्रॅममधून वारंवार करू नका, कारण त्या स्मृतीला लेखनाच्या फेऱ्यांची मर्यादा असते.

पाण्याखाली पाठवायचे असेल तर तळाच्या तापमानाला, बहुधा २ ते ५ अंशांना, फ्रिजमध्ये ठेवून फ्रिक्वेन्सी आधी मोजा. खोलीच्या तापमानाला लावलेले घड्याळ तिथे शेकडो भागांनी वेगळे वागू शकते आणि वयाच्या हिशेबात हे कुठेच दिसत नाही. सोडण्यापूर्वी जीपीएसशी वेळेतला फरक आणि फ्रिक्वेन्सी, दोन्ही नोंदवा. वर आल्यावर पुन्हा दोन्ही. फक्त वेळेतला फरक दोनदा मोजला तर चूक सरळ रेषेत वाटली जाते आणि वयाचा बाक तसाच राहतो: महिन्याला ९०० भागांच्या हमीच्या मर्यादेवर वर्षभराच्या मोहिमेत मधोमध ४० मिलिसेकंदांच्या वर. फ्रिक्वेन्सीचे दोन आकडे असतील तर तो बाक वर्गसमीकरणाने काढता येतो. म्हणून उपकरण डेकवर आल्यावर बॅटरी काढण्याआधी जीपीएसचा ठोका जोडून निदान दोन तास नोंद घ्या. एकदा वीज गेली की तो आकडा परत मिळत नाही.